माझ्याच हातचे वण

आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून सेक्रेटरीबाई तिसऱ्यांदा घरी आल्या, तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं, बाई, माझ्याकडून गोडधोड येणार नाही. त्या म्हणाल्या, चालेल हो, फराळाच्या ताटात चिवडाही लागतोच. आता त्यांनी स्वतःच मान्य केलंय, तेव्हा नंतर तक्रार करू नये.

माझं काम लोकांच्या पाठीशी. अक्षरशः. वीस-बावीस वर्षं मी जयपूरमध्ये लोकांच्या पाठी, खांदे, पोटऱ्या आणि माना बघितल्या. चेहरे मी विसरते. बाजारात कोणी हसून नमस्कार केला की मला ओळख पटत नाही, पण तेच माणूस वळून चालू लागलं की लगेच आठवतं, अरे, हा तर उजव्या खांद्याने खाली झुकणारा! आमचे हे म्हणतात, तू माणसं मागून ओळखते. खोटं नाही ते.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. हे रेल्वेत, बदली होऊन जयपूरला आले, स्टेशनजवळ बनी पार्कच्या अंगाला आम्हाला क्वार्टर मिळालं. मी नागपूरला फिजिओथेरपी असिस्टंटचा कोर्स केला होता. त्या जोरावर इथल्या एका सरकारी खात्याच्या दवाखान्यात कंत्राटावर लागले. कुठलं खातं ते लिहीत नाही. माणसं अजून आहेत, त्यांच्या नातवंडांपर्यंत नावं जायला नकोत. त्या खात्याच्या स्वतःच्या खेळाच्या टीम होत्या, त्यामुळे आमच्या खोलीत गुडघे धरून येणाऱ्या कारकुनांबरोबर खेळाडूही यायचे. मी शेकायची, पट्ट्या बांधायची, व्यायाम शिकवायची. पगार जेमतेम, पण काम मला आवडायचं.

कपिंग, म्हणजे पाठीला वाट्या लावणं, मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. रामगंजकडच्या एक म्हाताऱ्या खाला, म्हणजे मावशी, मनगट मोडून आमच्याकडे व्यायामाला यायच्या. त्यांची सून खात्यात होती. मी त्यांच्या हाताला मशीन लावून बसले की त्या माझ्याकडे असं बघायच्या, जसं काही मी भाकरी तव्यावर टाकून परतायची विसरले. एकदा म्हणाल्या, "बेटी, मशीन से सेंक देती हो, अपने हाथ से क्या देती हो?" मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्या घरी गेले. त्यांच्या आईकडून, आजीकडून आलेली ती विद्या. पूर्वी शिंगाने करायचे म्हणून जयपूरला त्याला सिंगी म्हणतात. आपल्याकडे तुंबडी म्हणायचे. खाला काचेच्या जाड वाट्या वापरायच्या, मग मीही त्याच घेतल्या.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चिमट्यात कापसाचा बोळा धरायचा, स्पिरिटमध्ये बुडवून पेटवायचा. पेटता बोळा वाटीच्या आत क्षणभर फिरवून बाहेर काढायचा आणि वाटी लगेच पाठीवर पालथी घालायची. आतली हवा गरम झालेली असते, ती निवते आणि वाटी कातडीला आत ओढून घेते. कातडी पुरीसारखी वर फुगते. आग कातडीला लागतच नाही, लागली तर करणाऱ्याला चिमटा धरायचा अधिकार नाही. आठ-दहा मिनिटं ठेवायचं, मग वाटीच्या कडेला बोट दाबून हवा सोडायची, फुस्स आवाज येतो आणि वाटी निघते. मांस नसलेल्या हाडावर लावायची नाही, तिळावर नाही, मानेच्या पुढच्या बाजूला तर नाहीच नाही. आणि वाट्या लागलेल्या असताना माणसाला एकटं सोडून खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही, घरात दूध उतू जात असलं तरी. हा खालांचा नियम होता. काही लोक चिरा देऊन रक्त काढतात. मी ते कधी केलं नाही, माझ्यात तेवढी हिंमतही नाही आणि तेवढं शिक्षणही नाही.

ह्याने बरं का वाटतं? खरं सांगू, मला पक्कं ठाऊक नाही. रक्त तिकडे धावतं म्हणतात. आखडलेला स्नायू सुटतो, हे मी माझ्या अंगठ्याखाली हजारदा अनुभवलं. काही जणांना नुसतं कोणीतरी दहा मिनिटं शेजारी शांत बसलं म्हणूनही बरं वाटत असेल. पण एक गोष्ट नक्की होते, वण उठतात. वाटीएवढे गोल, आधी लाल, मग जांभळे, मग हिरवट-पिवळे होत जातात. कातडी नाजूक असेल, वाटी जास्त वेळ ठेवली असेल, तर पंधरा दिवससुद्धा राहतात. दुखत नाहीत. दिसतात मात्र भयंकर.

आमच्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना ह्याचा वास लागला, तेव्हा त्यांनी मला उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ये झाड़-फूँक मेरे अस्पताल में नहीं चलेगी. घर पे भी नहीं. पता चला तो काँट्रॅक्ट ख़त्म." मी मान डोलावली आणि घरी करत राहिले. दुपारी ड्यूटी सुटली की तीन ते पाच. दिवाणावर जुनी चादर-उशी, खिडकीला पडदा. येणारे सगळे एकमेकांच्या ओळखीने आलेले, आणि प्रत्येकाला माझं एकच सांगणं असायचं, कोणाला बोलायचं नाही.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुना! जौहरी बाजारामागे नगीने घासणारे कारागीर यायचे. दिवसभर मान खाली घालून तांदळाएवढा खडा घासायचा, त्यामुळे माना अशा आखडलेल्या की वर बघा म्हटलं तर अख्खं अंग मागे न्यायचे. त्यांना खुर्चीवर उलटं बसवून, आमचे हे घरी असतानाच, नुसत्या मानेच्या मागे आणि खांद्यावर दोन-दोन वाट्या लावायची. एक बँकेतले क्लार्क होते. त्यांना वाट्या लावल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांची बायको माझ्या दारात. नवऱ्याच्या पाठीवरचे वण बघून तणतणत! "ये गोल-गोल क्या है, किसका है?" मी तिला आत घेतलं, तिच्याच दंडावर एक वाटी लावून दाखवली, तेव्हा ती थंड झाली. मग चहा पिऊन म्हणाली, आता लावलीच आहे तर कंबरेलाही लावा. दर महिन्याला यायची नंतर.

खेळाडू सगळ्यात चांगले. ते कुरकुर करत नाहीत, किती दिवसांत मैदानात उतरू तेवढंच विचारतात. कबड्डीच्या मुली, धावणाऱ्या मुली, स्टेडियमवरच्या कोचने कानात सांगून पाठवलेल्या. दोन वाट्यांनंतर मुलगी हात वर करून बघते आणि तिचा चेहरा उजळतो, त्याची नशा असते हो. दवाखान्यात मला 'ए सिस्टर, पट्टी लाओ' म्हणायचे, आणि इथे राज्य पातळीवरच्या पोरी माझ्या दिवाणावर पालथ्या झोपून 'आंटी, आपके हाथों में जादू है' म्हणायच्या. मी पण माणूसच, चढली मला.

आता जे सांगायला बसले ते सांगते.

प्रज्ञा आमच्याच रेल्वे कॉलनीतली. वडील गँगमन, भंडाऱ्याकडचे, रिटायर व्हायला वर्ष उरलेलं. पोरगी विशीची, उंच, सावळी, खांदे असे की आमचे हे म्हणायचे, हिला गाडीचं इंजिन ढकलायला लावा. भालाफेक करायची. भाला क्लबचा, बूट मोठ्या भावाचे, आतून कापूस भरलेले. जयपूरलाच जन्मलेली, त्यामुळे मराठी बोलताना अडखळायची आणि मध्ये मध्ये 'मतलब' घालायची. आमच्या दवाखान्याच्याच खात्यात खेळाच्या कोट्यातून भरती निघाली. भालाफेकीला जागा एक. ती नोकरी लागली असती तर वडिलांचं क्वार्टर गेलं तरी प्रज्ञा जयपूरलाच राहिली असती, खेळत राहिली असती. नाही लागली तर आईवडिलांबरोबर गावाला, आणि गावाला मुलगा बघून ठेवला होताच. तिने मला हे रडून वगैरे नाही सांगितलं. दिवाणावर बसून, बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाली, "काकू, मतलब, हे नाही झालं तर सगळंच खतम. मला ते लग्न नाही करायचं."

चाचणीला तीन आठवडे होते आणि तिच्या उजव्या फऱ्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडाच्या, आतल्या बाजूला लिंबाएवढी गाठ आवळली होती. हात मागे नेला की कळ मानेपर्यंत. "काकू, हात वर जाऊनच नाही राहिला." मी आठवड्यातून एकदा वाट्या लावल्या, मधल्या दिवसांत तेलाने चोळलं, भिंतीशी उभं करून व्यायाम करून घेतले. गाठ सुटली. चाचणीच्या दिवशी तिने आयुष्यातला सगळ्यात लांब भाला फेकला. यादीत पहिला नंबर. दुसऱ्या नंबरची मुलगी बरीच मागे होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं कुटुंब पेढे घेऊन माझ्याकडे. तिची आई माझ्या पाया पडायला लागली, मी तिला धरलं. शेजारच्या दोघी बायका पण डोकावायला आल्या. प्रज्ञा म्हणाली, "काकू, काल जोर जास्त लागला, थोडं दुखून राहिलं."

थोडं दुखत होतं. गरम पाण्याची पिशवी दिली असती तर संध्याकाळपर्यंत थांबलं असतं. मला ते दिसत होतं, हाताखाली लागत होतं. पण खोली बायकांनी भरलेली, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर, आणि मी तेव्हा जमिनीवर नव्हतेच. मी म्हटलं, झोप. आणि एक-दोन नाही, सात वाट्या लावल्या, दोन्ही फऱ्यांवर आणि मध्ये. बोळा पेटवून जरा उंच धरून फिरवला, बायका 'अगं बाई' म्हणाल्या, मला बरं वाटलं. आणि आठ मिनिटांऐवजी गप्पांच्या नादात वाट्या पंधरा मिनिटं राहिल्या. काढल्या तर सातही वण काळे जांभळे. मी हसून म्हटलं, बघा, सगळं दुखणं बाहेर आलं. काय पण बोलले! आणि निघताना तिच्या कानाशी नेहमीचं वाक्य, "कोणाला सांगायचं नाही हं. माझी फाईल वर गेलीय."

फाईल खरंच गेली होती. सात वर्षं कंत्राटावर काढल्यावर मला कायम करायचा प्रस्ताव त्या महिन्यात मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर होता.

निवड झाली की डॉक्टरी तपासणीचं पत्र यायला एरवी महिना-दीड महिना लागायचा. ह्या वेळी खात्याला कुठल्याशा स्पर्धेत टीम उतरवायची घाई होती. पत्र चौथ्या दिवशी आलं, तपासणी पाचव्या दिवशी. प्रज्ञाच्या डोक्यात पाठीचा विचारच आला नाही. स्वतःची पाठ कोणाला दिसते? आणि माझ्यापर्यंत पत्राची बातमीच आली नव्हती, मी कोणा बाबूजींच्या गुडघ्याला शेक देत बसले होते. आयाबाई दारात येऊन म्हणाली, लेडी डॉक्टर मॅडम बोलावतात.

मॅडम म्हणजे आमच्याकडच्या एकुलत्या एक लेडी डॉक्टर. कडक, पण अन्यायी नाही. त्यांच्या खोलीत गेले तर हिरव्या पडद्यामागे एक मुलगी माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसलेली, शर्ट मानेपर्यंत वर घेतलेला. चेहरा दिसला नाही. दिसायची गरजच नव्हती. फऱ्यावर तीन, इकडे तीन, मध्ये एक. चौथी वाटी जरा तिरकी लागली होती, तो वण जरा तिरका. माझ्या हातचं काम मी ओळखणार नाही?

मॅडम म्हणाल्या, "कहती है गिर गई थी. अब गिरने से इतने गोल निशान? तुम तो खिलाड़ियों को रोज़ देखती हो. ऐसे निशान कभी देखे हैं?"

खोलीत आम्ही तिघीच. आया बाहेर गेलेली. मोठे डॉक्टर त्या दिवशी राउंडवर. कोणी माझ्या डोक्यावर काठी धरून उभं नव्हतं. पोरीने मला वाचवायला 'पडले' म्हणून सांगितलं होतं, आणि आता ती श्वास रोखून बसली होती. तिला वाटलं असेल, आता काकू सांगतील.

मी म्हटलं, "नहीं मैडम. कभी नहीं देखे."

इथेच गप्प बसले असते तरी एक वेळ. पण खोटं बोललं की माणूस ते पक्कं करायला बघतो. मी पुढे वाकले, तिच्या पाठीजवळ तोंड नेऊन बघितल्यासारखं केलं, जाणकारासारखी मान हलवली आणि म्हटलं, "खून की जाँच करवा लीजिए मैडम. कभी-कभी खून की बीमारी में होता है."

प्रज्ञाच्या फऱ्याखालचा स्नायू आकसला. तीन आठवडे खपून मी तो सोडवला होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर तो पुन्हा आवळला. ती वळली नाही. शर्ट खाली ओढला आणि बटणं लावत बसली. मी परत येऊन बाबूजींचा गुडघा धरला. शेकाचं मशीन चालू करायचं राहिलं, ते म्हणाले, सिस्टर, चाय पी लो.

मॅडमनी कागदावर लिहिलं, तूर्त अपात्र, रक्ताच्या तपासण्या करून पुन्हा हजर व्हावे. तपासण्या मोठ्या इस्पितळात, तिथे रांग, रिपोर्टला रांग. रिपोर्ट आला तेव्हा तीन आठवडे उलटले होते, आणि त्यात काही म्हणजे काही नव्हतं. कसं असणार? वणही तोवर गेले होते. पण खात्याला टीम उभी करायची होती. दुसऱ्या नंबरची मुलगी रुजू होऊन मैदानात उतरली होती. प्रज्ञाचे वडील दोन-तीनदा ऑफिसात जाऊन आले. पुढच्या भरतीला बघू म्हणाले. पुढची भरती कधी, तर देव जाणे.

त्या तीन आठवड्यांत मी सांगू शकत होते. रोज सकाळी ठरवायची, आज जाऊन सांगते. मॅडमच्या दारापर्यंत दोनदा गेलेही. एकदा आत पेशंट होता, एकदा नव्हता. पेशंट नव्हता तेव्हाही परत फिरले. घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू काय केलं, आपली नोकरी वाचवली. कोणी बी हेच केलं असतं. पोट्टी तरणी हाय, तिले दुसरी भेटन." मला त्यांचा भयंकर राग आला, कारण मी मनात स्वतःला शब्द न् शब्द तेच सांगत होते. महिनाअखेरीला माझी ऑर्डर आली. मी कायम झाले. दवाखान्यात मिठाई वाटावी लागली. वाटली.

वर्षाने वडील रिटायर झाले आणि ते लोक गावी निघाले. निघायच्या आदल्या दिवशी प्रज्ञाची आई माझ्याकडे आली. "जयभीम ताई. येतो आता आम्ही." घरी केलेल्या उडदाच्या पापडांची चळत माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुमी माह्या पोरीचा खांदा बरा केला, तुमचे उपकार हायेत आमच्यावर. पोरीचं नशीबच फुटकं, त्याले तुमी तरी काय करान?" कागदावर नुसतं रक्ताच्या तपासणीचं लिहिलेलं, ते माझ्या वणांमुळे हे तिला माहीतच नव्हतं. प्रज्ञाने घरी, आईलासुद्धा, काही सांगितलं नव्हतं. ती स्वतः फाटकाशी उभी होती. मी म्हटलं, अगं आत ये ना. ती म्हणाली, "नको काकू, सामान बांधायचं आहे." तोंडावर राग नव्हता. राग असता तर मी तिच्या पुढ्यात काही बोलले असते. क्लबचा भाला तिने आधीच परत केला होता. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कॉलनीत कळलं, त्याच मुलाशी. भालाफेक सुटली ती सुटलीच, असं त्यांच्या गावाकडच्या माणसाकडून ऐकलं.

ते पापड मी तळले नाहीत, टाकलेही नाहीत. पावसाळ्यात त्यांना बुरशी आली.

ह्यानंतर मी एक करायला लागले. वाटी हातात घ्यायच्या आधी प्रत्येकाला विचारायचं, पुढच्या पंधरा दिवसांत डॉक्टरी तपासणी आहे का, लग्नकार्य आहे का, कोणासमोर पाठ उघडी करायची आहे का? लोकांना वाटायचं, काय काळजी घेते बाई! अंकाच्या वाचकांतही काही जण असतील माझ्याकडे येऊन गेलेले, त्यांना माझा हा प्रश्न आठवत असेल. तो माझ्या चांगुलपणातून आलेला नाही, हे त्यांनी आज समजून घ्यावं.

पुढे ह्यांची पेन्शन सुरू झाली, मीही मुदतीआधीच नोकरी सोडली आणि मालवीय नगरला एका गल्लीत एक खोली घेऊन उघड उघड बोर्ड लावला. तोपर्यंत वारं फिरलं होतं. परदेशातले खेळाडू टीव्हीवर पाठीचे वण मिरवताना दिसायला लागले, आणि जयपूरच्या जिममधली पोरं तेच वण मागायला लागली. पुण्याहून कंपनीच्या नोकरीला आलेला एक मुलगा, ना धड दुखणं ना धड व्यायाम, मला म्हणतो, "काकू, जरा डार्क येऊ द्या ना, फोटो काढायचाय." मी त्याला म्हटलं, बाळा, बाजारात जांभळा रंग मिळतो, ब्रशने लाव. तो हसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याला वाटलं स्पिरिट झोंबलं.

आणि एके दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली आणि लेडी डॉक्टर मॅडम उतरल्या. रिटायर झालेल्या, केस पूर्ण पांढरे, मान एका बाजूला धरलेली. बोर्डाकडे बघून म्हणाल्या, "अब तो बोर्ड लगा लिया तुमने." मी खुर्ची दिली, पाणी दिलं. गोळ्या, पट्टा, शेक, सगळं करून झालं होतं, कोणी तरी माझं नाव सांगितलं. मी त्यांनाही तो प्रश्न विचारला. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि नाही म्हणाल्या.

त्यांना पालथं झोपवलं, मानेखाली आणि खांद्यांवर पाच वाट्या लावल्या, घड्याळाला आठ मिनिटांची किल्ली दिली आणि शेजारी स्टुलावर बसले. मग उशीत तोंड तसंच ठेवून म्हणाल्या, "उस भाले वाली लड़की के निशान तुम्हारे ही थे ना?"

मी हो म्हटलं. इतक्या वर्षांनी, एका शब्दात. इतकं सोपं होतं ते.

त्या म्हणाल्या, मला तेव्हाच वाटलं होतं. त्यांची नानी टोंकला घरी सिंगी लावून घ्यायची, लहानपणी त्यांनी तिच्या पाठीवर हेच गोल बघितले होते. मुलगी कोणाला तरी पाठीशी घालते आहे हेही त्यांच्या लक्षात आलं होतं. "इसीलिए तो तुम्हें बुलाया था. तुम हाँ कहतीं तो मैं फ़िट लिख देती. तुम्हारा नाम भी नहीं लिखती."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही का नाही लिहिलं?" माझा आवाज चढला. कोणावर तरी ढकलायला मला जागा हवी होती.

"तुमने कहा, खून की बीमारी हो सकती है," त्या म्हणाल्या. "मैंने सोचा, मैं ही ग़लत हूँ. इन निशानों को तुमसे ज़्यादा कौन जानता था?"

घड्याळ वाजायला साडेपाच मिनिटं बाकी होती. त्यांना वाट्यांमुळे उठता येत नव्हतं आणि मला त्यांना सोडून बाहेर जाता येत नव्हतं. त्यांनीच विचारलं, "वह लड़की अब भी भाला फेंकती है?"

"नहीं मैडम," मी म्हटलं. त्यांच्या प्रश्नाला ह्या वेळी मी खरं उत्तर दिलं.